काखेतला उजेड

मी कंडक्टर. शहाद्याच्या डेपोत पंधरा वर्षं झाली. मोठ्यानं बोलायची सवय आहे, तेव्हा लिहिताना आवाज वर गेला तर सांभाळून घ्या. सध्या मी चौकशीच्या खिडकीत बसते, कारण डाव्या हाताला जोर द्यायचा नाही अशी ताकीद आहे. खिडकीशी येणाऱ्या बायका आधी गाडीची वेळ विचारतात, मग माझे बोटभर केस बघून विचारतात, "काय झालं होतं ताई?" मी सरळ सांगते, स्तनाचा कॅन्सर. मग एखादी तिथंच थांबते, मागच्यांना पुढे जाऊ देते आणि हळूच म्हणते, "मलापण इथं काहीतरी लागतंय."

तिला मी त्याच दिवशी दवाखान्यात पिटाळते. पण बाकीचं सगळं खिडकीच्या जाळीतून सांगता येत नाही, मागे रांग ओरडते. म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, औषधांची नावं मला धड घेता येत नाहीत. माझ्यावर काय गुदरलं आणि आमच्या घरानं त्यात काय गोंधळ घातला, तेवढं सांगते.

पट्ट्याची गाठ

आमच्या चामडी बॅगेचा पट्टा उजव्या खांद्यावरून निघतो आणि डाव्या छातीवरून कमरेला येतो. धडगावच्या घाटात गाडी वळली की बॅग हिसका देते आणि पट्टा काचतो. आम्हा बायकांना तिथं वळ असतोच, कुणाला बारीक गुठळीही होते. डेपोत तिला पट्ट्याची गाठ म्हणतात. हळदतेल लावायचं आणि बॅग दुसऱ्या खांद्यावर घ्यायची, हा आमच्यातला ठरलेला उपाय.

मला हरभऱ्याएवढी गाठ लागली तेव्हा मीही तेच केलं. बॅग डाव्या खांद्यावर घेतली आणि विसरून गेले. चार महिने! दुखत नव्हती, आणि दुखत नाही ते काही नसतं, असं माझं शहाणपण. एकदा खापर गावच्या बाजाराच्या दिवशी गाडी खचाखच भरली होती. एका बाईच्या टोपलीची कड नेमकी तिथं लागली आणि मी हात नेला, तर गाठ बोराएवढी. पट्टा चार महिने तिकडे नाहीच, मग ही वाढली कशी? तिकिटाचं मशीन हातात धरून मी तशीच उभी राहिले. पॅसेंजर ओरडायला लागले, "ओ बाई, तिकीट द्या ना!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि नंदुरबार गाठलं. सोनोग्राफी झाली, सुई टोचून तुकडा घेतला. रिपोर्टच्या दिवशी तिथल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. बोला तुम्ही."

"मिस्टरांना बोलवून घ्या ना."

"मॅडम, मी सत्तर पॅसेंजर एकटी सांभाळते. बोला."

त्या बोलल्या. मी मान हलवली, फाईल उचलली, त्यांना थँक्यूसुद्धा म्हटलं आणि स्टँडवर येऊन शहाद्याच्या गाडीत बसले. ओळखीचा कंडक्टर होता, त्याच्याशी ड्युटीच्या गप्पा मारल्या. तापीचा पूल आला तेव्हा कुठं ते माझ्या डोक्यात शिरलं. मला कॅन्सर? मला? मी तर आजवर साधी सलाईनही लावून घेतली नव्हती.

आमचं घर कळसाडीला. यजमानांची, विलासची, पिठाची गिरणी आहे. मी तशीच गिरणीत गेले. मशीन धडधडत होतं, चार बायका डबे घेऊन बसलेल्या. मी म्हटलं, रिपोर्ट आला. ते म्हणाले, काय? मी पुन्हा सांगितलं. त्यांना ऐकूच येईना, म्हणून त्यांनी बटण बंद केलं आणि त्याच क्षणी मी जीव खाऊन ओरडले, "कॅन्सर शे!" शांत गिरणीत तो शब्द असा पडला की चारही बायका उठून उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत गावात कुणाला सांगायचं बाकी राहिलं नाही.

सुरत

आमच्याकडचे लोक मोठ्या आजाराला सुरतेची गाडी धरतात. आम्हीही धरली. तिथले डॉक्टर गुजराती, वयानं माझ्याएवढेच, शांत माणूस. मला बेन म्हणायचे आणि माझ्यासाठी मोडकंतोडकं मराठी बोलायचे. ते म्हणाले, गाठ काढू, स्तन ठेवू, पण खरा प्रश्न काखेचा आहे. काखेत बारीक बारीक गाठी सगळ्यांनाच असतात. आजार तिथं पोचला असेल तर सगळी काख साफ करावी लागेल, मग हात जन्मभर सुजू शकतो. आणि तिथं पोचला म्हणजे पुढच्या प्रवासालाही निघाला असण्याची भीती. त्या दिवसापासून मी देवाकडे एकच मागत होते, माझी काख कोरी निघू दे.

ते कसं कळणार, विचारलं. ते म्हणाले, आजार काखेकडे निघाला तर आधी एकदोन ठरलेल्या गाठींत उतरतो. त्या शोधून काढायच्या आणि तपासायच्या. मी म्हटलं, म्हणजे पहिला थांबा कुठला ते बघायचं. ते हसले, म्हणाले, अगदी तेच. नेहमी त्यासाठी निळा रंग टोचतात आणि ज्या गाठीत तो उतरतो ती डोळ्यांनी ओळखून काढतात. त्यांच्याकडे एक नवीन गोष्टही अभ्यासात होती. धुळीहूनही बारीक कण, डोळ्याला न दिसणारे. ते छातीत टोचायचे, तिथून वाहत वाहत पहिल्या थांब्याला जाऊन बसतात. मग खोलीतले दिवे घालवून खास कॅमेरा धरला की ते कातडीच्या आत चमकतात आणि पडद्यावर दिसतात. करायचं की नाही हे माझ्या मर्जीवर होतं, सही लागणार होती.

"म्हणजे माझा काजवा करणार तुम्ही," मी म्हटलं.

विलासना हसू आलं नाही. बाहेर येताच ते सुरू झाले. "आपण काय उंदीर आहोत का? प्रयोग बाकीच्यांवर करा म्हणावं!" मी म्हटलं, अंग माझं आहे. ते म्हणाले, अंग तुझं, पण मागे आम्ही आहोत ना! कॉरिडॉरमध्ये आम्ही असे भांडलो की वॉचमन येऊन गेला. गावाहून सासूबाईंचा फोन आला. त्यांना आम्ही जिजी म्हणतो. त्याही म्हणाल्या, "आंगमा दिवा कसाले लावतस व?" मी तिरीमिरीत गेले आणि सही ठोकली. विलास दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. डबा आणायचे, ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे.

त्या दोन दिवसांत वॉर्डातल्या मार्था सिस्टरचा आधार झाला. नवापूरकडच्या डोंगरातली पोर, घरी तिथल्या आदिवासींची कोकणी बोलणारी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझी वेणी घालून देताना तिनं विचारलं, "ताई, रडायचंय का? रडायचं असेल तर मी पडदा ओढते." तोवर कुणी मला असं विचारलं नव्हतं. तिनं पडदा ओढला आणि मी पोटभर रडून घेतलं.

ताटलीतली काळी

ऑपरेशन झालं की डॉक्टर घरच्यांना दाराशी बोलावून काय काढलं ते ताटलीत दाखवतात. विलासना दाखवलं. एक मोठी गाठ. बाजूला काखेतल्या दोन बारक्या. त्यातली एक मांसासारखी लालसर, आणि दुसरी काळीकुट्ट, कोळशाचा खडा असावा तशी. दाखवणारा शिकाऊ डॉक्टर घाईत होता. रिपोर्ट दहा दिवसांनी, एवढं बोलून आत गेला.

विलास जिन्यावर बसले आणि त्यांनी जिजीला फोन लावला. "काळी निघनी, माय." बस्स. पुढं काही विचारण्याची दोघांचीही हिंमत झाली नाही. कळसाडीत लोक आमच्या ओट्यावर जमायला लागले. माझ्या लेकीला वर्गातून बोलावून घरी आणलं. नंदुरबारची चुलतसासू तर पिशवी भरून राहायच्या तयारीनं आली. मी इकडे टेबलावर गुंगीत आणि तिकडे माझ्या दिवसांची तयारी चाललेली!

मला शुद्ध आली तेव्हा विलास पायाशी बसलेले. उठून त्यांनी चमच्यानं पाणी पाजलं.

"काय निघालं?"

"काही नाही. पड तू."

या माणसाला बावीस वर्षांत एकदाही खोटं बोलणं जमलेलं नाही. पुन्हा विचारलं तेव्हा काळ्या गाठीचं तोंडातून निघालंच. मी रात्रभर छताकडे बघत पडले. लेकीचं बारावीचं वर्ष आणि तिचं लग्न, सगळं डोळ्यापुढून जात होतं. भीती म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं. माझे दात वाजत होते आणि मी तोंडात चादर कोंबली होती.

सकाळी डॉक्टर राउंडला आले. मी कशाचीच वाट पाहिली नाही.

"साहेब, काळी गाठ निघाली म्हणे. मला किती दिवस आहेत?"

ते गोंधळले. मग विलासकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्या डाव्या हाताची बाही वर सरकवली. मनगटापासून दंडापर्यंत गोंदण. तुळस, मोर, ठिपक्यांच्या रांगा आणि मध्ये विलासचं नाव.

"बेन, हे कधी काढलं?"

लग्नानंतर पहिल्याच सारंगखेड्याच्या यात्रेत. मला नको होतं. जिजीनं हात धरून मशीनवाल्यापुढं बसवलं होतं. मेल्यावर दागिना आठेच ऱ्हास, गोंदण तेवढं संगे येस, असं म्हणाल्या होत्या. आमच्याकडे सगळ्याच सासवा असं म्हणतात आणि सगळ्याच सुना हात पुढं करतात. पण ते डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, असं कुणाच्या डोक्यात येणार? ऑपरेशनला तर हात कापडाखाली झाकलेला होता.

डॉक्टर म्हणाले, गोंदणाची शाई सगळी कातडीतच राहत नाही. थोडी थोडी आत वाहते आणि काखेतल्या गाठीत जाऊन बसते. ती काळी गाठ म्हणजे बावीस वर्षांची शाई.

शाई! मी आ वासून बघत राहिले. यात्रेतली शाई इतकी वर्षं माझ्या काखेत बसून होती आणि तिच्यापायी रात्रभर माझे दात वाजले. विलास तर हसत-रडत फोन घेऊन बाहेर पळाले. डॉक्टरांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"आम्हीपण दचकलो होतो," ते म्हणाले. "निळा रंग तिच्यावर आल्यासारखा वाटत होता. डोळ्यांवर भरवसा ठेवला असता तर तीच पहिली समजून काढली असती आणि काख शिवली असती. पण दिवे घालवून कॅमेरा धरला, तर ती काळीची काळीच. तिच्या मागे दडलेली दुसरी मात्र लख्ख चमकत होती. म्हणून दोन्ही काढल्या. रिपोर्ट येऊ द्या."

हे विलासनी नंतर माझ्याकडून ऐकलं, आणि त्यातलं 'चमकत होती' तेवढंच धरलं.

पेढे

घरी आले तर दारात जिजी भाकरतुकडा ओवाळायला उभ्या. नारळ फोडला. गिरणीत येईल त्याला पेढा. जिजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "काळी ते शाई निघनी, आन् दुसरी दिवानागत चमकी ऱ्हायंती!" लोक हात जोडत होते. आमच्यात उजेडाला कोण वाईट म्हणणार? चमकली म्हणजे निरोगी, असं सगळ्या गावानं ठरवून टाकलं.

मी म्हटलं, "अहो, पण चमकणारीचा रिपोर्ट यायचाय."

"तुला कधी शुभ बोलता येत नाही का?" विलास माझ्यावर खेकसले. मला इतका राग आला की पेढ्याचं खोकं फेकून द्यावंसं वाटलं. मग लेकीचा चेहरा बघितला. ती कितीतरी दिवसांनी हसत होती. मी गप बसले आणि एक पेढा खाल्ला. खरं सांगते, मलाही तसंच असावं असं वाटत होतं.

दहाव्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांपुढं बसलो. त्यांनी आधी काळीचं सांगितलं. नुसती शाई, आजार नाही. विलासनी डोळे मिटून हात जोडले. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"बेन, चमकणारीत आहे. आणि गाठीचं कवच फोडून बाहेर यायला लागलाय."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. विलास खुर्चीतून उठलेच. "पण साहेब, ती तर चमकत होती!"

"भाई, कण आजार ओळखत नाहीत. ते फक्त वाट ओळखतात. वाट तिकडे जाते, एवढंच ते सांगतात."

मी म्हटलं, मला बघायचंय. त्यांनी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावलं. राखाडी पडद्यावर माझी काख, आणि तिच्यात एक हिरवा ठिपका, शांत, छान चमकणारा. इतका सुंदर की माझ्या अंगावर काटा आला. याला आम्ही पेढे वाटले? मला सगळ्यांचा संताप आला. विलासचा, जिजीचा, नारळ फोडणाऱ्या अख्ख्या गावाचा आणि सगळं माहीत असून पेढा तोंडात टाकणाऱ्या माझा स्वतःचा. मग दुसराच विचार आला आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मी सही केली नसती तर? ती काळी काढली असती, रिपोर्ट स्वच्छ आला असता, आणि खरी गाठ काखेत ठेवून मी आनंदानं घरी गेले असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं असतं, आणि मला ते कळलंही नसतं.

म्हणून खिडकीशी थांबणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, हातावर गोंदण असेल तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना स्वतःहून दाखवा. आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत रडूही नका, नारळही फोडू नका.

दुसऱ्यांदा

काख साफ करायचं दुसरं ऑपरेशन झालं. काखेतून नळी, नळीला बाटली, ती पिशवीत घालून वॉर्डभर फिरायचं. मार्था सिस्टरनं भिंतीवर बोटं चढवायला शिकवलं. पहिल्या दिवशी खांद्यापर्यंतही हात जाईना. विलासचं तोंड बंदच झालं होतं. गिरणी बंद ठेवून माझ्यापाशीच राहिले. रोज माझी बाटली रिकामी करायचे, किती भरली ते लिहून ठेवायचे. मी एकदा म्हटलं, भांडा तरी माझ्याशी. त्यांनी नुसतं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी परतले तर जिजी माझ्यासमोर येईनात. ताट सरकवायच्या आणि मागच्या दारी जाऊन बसायच्या. चार दिवस बघितलं, मग मीच गेले मागच्या दारी.

"जिजी, काय व्हयनं?"

"मीच गोंदाडं व तुले," त्या म्हणाल्या. "मन्हीच चूक व्हयनी."

"अहो, शाईनं काही केलं नाही. शाईची गाठ स्वच्छ निघाली."

"मंग कोन करं?"

हेच मी डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं, त्यांनाही सांगता आलं नव्हतं. मी जिजीच्या शेजारी पायरीवर बसले.

दुसऱ्या वेळी काढलेल्या गाठींचा रिपोर्ट ज्या दिवशी मिळणार होता, त्या दिवशी घरात कुणी देवापुढं दिवाही मोठा लावला नाही. आम्ही पहाटेची गाडी धरली. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वरून खाली वाचला आणि चष्मा काढला.

"बेन, बाकी सगळ्या स्वच्छ. एक पण गाठ नाही. फक्त तीच होती."

विलास म्हणाले, "साहेब, परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. आता केमो घ्यायची, रेडिएशनचे शेक घ्यायचे, हात सांभाळायचा, वर्षभर दमायचं आहे, पण वेळेत सापडलंय, असं म्हणाले. विलासनी या वेळी हात जोडले नाहीत. त्यांनी एकेक शब्द वहीत लिहून घेतला आणि डॉक्टरांना वाचून दाखवला. बरोबर आहे ना, म्हणून विचारलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी म्हटलं, जिजीला फोन करा. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "तूच कर. मन्हं तोंड धजत नई."

पहिल्याच रिंगला जिजीनं उचलला. फोन हातात धरूनच बसल्या असाव्यात. मी रिपोर्ट सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. काळी की चमकणारी, काही विचारलं नाही. या सगळ्या महिन्यांत नवऱ्यानं, लेकीनं, डॉक्टरांनी, कुणीच जे मला सरळ विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारायला घाबरत होते, तेवढंच त्यांनी विचारलं.

"जगशी ना व तू?"

अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडणारी मी, आणि एक शब्द निघेना. विलास माझ्याकडे बघत होते. मी डोळे पुसले.

"जगसू, जिजी," मी म्हटलं. "भाकरी टाका. आम्ही निघनूत."